मदत हवी आहे : चित्रीकरणाच्या ३१ हार्डडिस्क आणि घरातला एक मोठा साठवण-सर्व्हर (ठाणे)

नमस्कार.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. भावाचा चित्रीकरणाचा व्यवसाय आहे. लग्ने, मुंजी, शाळांची स्नेहसंमेलने आणि गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहात होणारे नृत्याचे कार्यक्रम असे त्याचे काम असते. तो चित्रीकरण करतो आणि ते सांभाळण्याचे काम गेली चौदा वर्षे माझ्याकडे आहे. सांभाळणे म्हणजे आजवर एवढेच होते, की काम संपल्यावर ती डिस्क फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, वर कागदी चिकटपट्टी लावून मार्करने नाव लिहायचे आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, साड्यांच्या पिशव्यांशेजारी ठेवून द्यायची. आज त्या कप्प्यात ३१ हार्डडिस्क आहेत. त्यांपैकी एका पट्टीवर ‘शाळा २०१४, अर्धी’ असे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे आणि उरलेली अर्धी कुठे आहे हे मला सांगता येत नाही.

गेल्या जूनमध्ये नृत्यवर्गाच्या एका बाईंनी त्यांच्या विद्यार्थिनीच्या अरंगेत्रमचे (पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाचे) २०१६ सालचे मूळ चित्रीकरण मागितले. डिस्क संगणकाला जोडणाऱ्या डॉकमध्ये घातली, तर तिने फिरायचा प्रयत्न केला, आतून तीनदा टक-टक आवाज आला आणि ती गप्प झाली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. माहिती परत मिळवून देणाऱ्या एका दुकानदाराने ४०,००० रुपये सांगितले, ते आम्ही दिले, आणि हाती आला तो फक्त बाजूच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा भाग, ज्यात अर्धा वेळ मृदंगवादकाची पाठ दिसते. बाईंनी एका शब्दाने दोष दिला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटले. तेव्हापासून घरात कायमस्वरूपी सर्व्हर उभारायचा, असे ठरले आहे.

आता गरज सांगते. सर्व डिस्कवर मिळून वापरलेली जागा सुमारे ३८ टीबी आहे आणि दरवर्षी साधारण ५ टीबीची भर पडते. भावाचा संकलनाचा जुना संगणक रिकामा झाला आहे. त्यात आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, डिस्क जोडायचे सहा साटा पोर्ट असलेला मदरबोर्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आहे. त्यात १६ टीबीच्या सहा नव्या डिस्क बसवून त्यावर झेडएफएस (डिस्कवर फाइल साठवण्याची एक व्यवस्था) आणि तिच्यातली रेड-झेड-२ ही अनेक डिस्क एकत्र बांधायची मांडणी करावी, असा माझा विचार आहे. या मांडणीत दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे गेलेल्या डिस्कची माहिती पुन्हा काढून देणाऱ्या जादा नोंदीसाठी जाते, म्हणजे कोणत्याही दोन डिस्क एका वेळी गेल्या तरी माहिती शाबूत राहते आणि वापरायला ६४ टीबी उरतात. संगणक मात्र ही जागा १०२४च्या हिशेबाने ५८ च्या आसपास दाखवेल, आणि झेडएफएस फार भरू नये म्हणून ६४ च्या ८० टक्क्यांवर थांबायचे ठरवले, तर खऱ्या अर्थाने ५१ टीबीच हाताशी राहतात. ३८ आधीच भरलेले असल्यामुळे एवढा खर्च करून अडीच वर्षांत पुन्हा हाच प्रश्न समोर येईल, हे गणित मांडल्यावर माझा हात आखडला.

दुसरी अडचण जागेची. घर ५२० चौरस फुटांचे आहे. सर्व्हर ठेवायला तीन जागा आहेत, त्या म्हणजे न्हाणीघरावरचा माळा, सुकी बाल्कनी आणि हॉलमधल्या टीव्हीखालचे कपाट. हॉलमध्ये आई झोपते आणि तिला भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीनेही जाग येते. म्हणून मी मे महिन्यात आठवडाभर माळ्यावर तापमापक ठेवून पाहिला. दुपारी तीन वाजता तेथे ३९ अंश होते, तेही काहीही चालू नसताना. बाल्कनीत पावसाचे तुषार येतात.

तिसरी गोष्ट विजेची. घरात इन्व्हर्टर आहे. वेगळा यूपीएस घ्यायलाच हवा का? आणि हा संगणक चोवीस तास चालल्यास बिलात किती फरक पडेल? आमचा वापर आताच २६० युनिटच्या घरात आहे.

भाऊ म्हणतो, एवढा खटाटोप करण्यापेक्षा आणखी दोन मोठ्या डिस्क घे आणि कपाटातच ठेव. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद (ऐरोली)

ताई, जागेच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मी खाडीपासून पाच मिनिटांवर राहतो. आमच्या देवघरातली चांदीची निरांजने दसऱ्याला लखलखीत केली तरी दिवाळीपर्यंत काळवंडतात. खाडीच्या चिखलातून जो गंधकयुक्त वायू येतो त्याचा हा परिणाम, आणि चांदीला जे होते तेच डिस्कच्या सर्किटवरील उघड्या धातूलाही हळूहळू होते. नौपाडा त्या मानाने आत आहे, पण पावसाळ्यातला दमटपणा तुम्हालाही चुकत नाही. येथे एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात घ्या. चालू असलेली डिस्क सभोवतालच्या हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे तिच्यावर दमटपणा बसत नाही. बंद करून कपाटात ठेवलेल्या डिस्कला तो अधिक बाधतो. तुमच्या भावाच्या सूचनेला हेच उत्तर द्या.

माळा मात्र नको. खोलीपेक्षा डिस्क सहज दहा अंशांनी तापतात, म्हणजे मे महिन्यात त्या ५० च्या घरात जातील. डिस्कच्या कागदोपत्री मर्यादा साधारण ६० अंशांच्या असतात, पण ४५ च्या खाली ठेवलेल्या बऱ्या. शिवाय प्लायवुडच्या माळ्यावर सहा डिस्कचा घुमारा तंबोऱ्यासारखा वाढतो. टीव्हीखालच्या कपाटाची मागची फळी काढा, कॅबिनेटखाली जाड रबराचे तुकडे घाला आणि समोर १२० मिलिमीटरचे दोन मोठे पंखे कमी वेगाने फिरवा. छोटा पंखा वेगाने फिरवला की तो किरकिरतो, मोठा हळू फिरवला की आईंना कळणारही नाही. डिस्कच्या वाचनाचा खर्रखर्र आवाज राहीलच. महिन्याला सगळ्या डिस्क वाचून तपासायच्या असतात, त्या तपासणीची वेळ म्हणून दुपार ठरवून द्या.

विजेचे सांगतो. अशा सहा डिस्क मिळून फिरताना सुमारे ३५ ते ४० वॉट, बाकीचा संगणक २५ च्या आसपास, म्हणजे ६५ वॉट धरा. महिन्याला ४७ युनिट होतात. तुमच्या २६० मध्ये ते मिळवले की तुम्ही ३०० ओलांडता आणि वरच्या सात युनिटना महावितरणचा पुढच्या टप्प्याचा दर लागतो. फार नाही, पण घरच्यांना आधी सांगून ठेवा.

इन्व्हर्टरवर विसंबू नका. वीज गेल्यावर तो संगणक चालू ठेवेलही, पण बॅटरी संपत आल्याचे सर्व्हरला कळवू शकत नाही. यूएसबीने जोडता येणारा एक केव्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झाले तरी सावरणारा) यूपीएस घ्या. बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली गेली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल, अशी सोय लिनक्स या कार्यप्रणालीवर फुकट मिळते. दहा मिनिटांचा आधार पुरेसा आहे.

प्रतिसाद (घोडबंदर रोड)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी डिस्क आणि मांडणीविषयी लिहितो.

मदरबोर्ड बदलू नका, आहे तो पुरेसा आहे. फक्त त्याच्या पुस्तिकेत पाहा, कारण एम-डॉट-२ची (छोटी एसएसडी बसवायची) जागा वापरल्यास काही मदरबोर्डवर एखादा साटा पोर्ट बंद होतो आणि ‘सहावी डिस्क दिसत नाही’ म्हणून माणूस दोन दिवस केबली बदलत बसतो. मी बसलो आहे. ४५० वॉट पुरेसे वाटतात, परंतु सुरू होताना प्रत्येक डिस्क काही सेकंद २० ते २५ वॉट घेते, त्यामुळे एसएमपीएस जुना असेल तर नवा घ्या. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. चार पिनांच्या जुन्या जोडणीवरून साटाची वीज काढणारी, प्लास्टिक ओतून बनवलेली स्वस्त अडॅप्टर केबल वापरू नका. त्यांच्यात आत शॉर्ट होऊन जळाल्याच्या तक्रारी जगभर आहेत.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या फाइल एकदा लिहिल्या की बदलत नाहीत. अशा साठ्यासाठी स्नॅपरेड (पॅरिटी बनवणारी प्रणाली) आणि मर्जरएफएस (सगळ्या डिस्क एकच असल्यासारख्या दाखवणारी) ही जोडीही चालते. तिच्यात प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे वाचता येते, वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क चालतात, न लागणाऱ्या डिस्क झोपतात म्हणून वीज वाचते, आणि पॅरिटीच्या क्षमतेपेक्षा जास्त डिस्क गेल्या तरी फक्त तेवढ्याच डिस्कवरील माहिती जाते. उणीव अशी, की पॅरिटी आपोआप तयार होत नाही. ठरलेल्या वेळी ती आज्ञा चालवावी लागते आणि मधल्या काळात आलेल्या फाइल असुरक्षित राहतात. झेडएफएसमध्ये संरक्षण लिहितानाच मिळते, प्रत्येक ब्लॉकची (फाइलच्या तुकड्याची) चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवली जाते आणि महिन्याच्या तपासणीत कुजलेला ब्लॉक सापडला तर तो पॅरिटीवरून दुरुस्त होतो. भाऊ थेट सर्व्हरवरून संकलन करणार असेल, तर झेडएफएसकडे माझा कल राहील.

पूर्वी रेड-झेडच्या गटात एकेक डिस्क वाढवता येत नसे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपन-झेडएफएस (झेडएफएसची मुक्त आवृत्ती) २.३ पासून ती सोय झाली आहे. जुन्या फाइल मात्र जुन्याच प्रमाणात पॅरिटी घेऊन बसतात आणि पुन्हा लिहिल्याशिवाय पूर्ण फायदा मिळत नाही. पण पाच डिस्कवर सुरुवात करून सहावी नंतर घालणे आता शक्य आहे. रेड-झेड-१ वर (एकाच डिस्कइतकी पॅरिटी) घसरू नका. १६ टीबीची भरलेली डिस्क बदलली, तर सेकंदाला १८० एमबी या वेगानेही ती भरायला पूर्ण एक दिवस लागतो आणि त्या दिवसात बाकीच्या डिस्क सलग वाचल्या जातात. नेमक्या त्याच वेळी दुसरी डिस्क दगा देते.

नव्या डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्या, म्हणजे सगळ्या एकाच लॉटच्या येणार नाहीत. अनुक्रमांक टाकून भारतातली वॉरंटी तपासा. ‘जवळजवळ नव्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कच्या चालू तासांचा आकडा पुसलेला असू शकतो. भरण्यापूर्वी प्रत्येकीची पूर्ण पृष्ठभाग चाचणी करा. या आकाराच्या डिस्कवर चाचणीचे चार वेगवेगळे नमुने लिहून-वाचून तपासायला आठवड्याहून जास्त लागतो, तेवढा धीर धरा.

आणि हे सगळे करण्याआधी ३१ डिस्कमधल्या फाइलची चेकसमसह यादी करा. चौदा वर्षांच्या घाईत कॅमेऱ्याचे एकच कार्ड दोनदा, तीनदा उतरवलेले असणारच. झेडएफएसची स्वतःची दुहेरी-फाइल गाळण्याची सोय चालू करू नका, तिला रॅम फार लागते. यादीवरून हाताने काढा.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण यादीचे काम रात्रीच करता येते.

पहिल्या ९ डिस्कची यादी पूर्ण झाली. त्यांवर ११ टीबी होते आणि त्यांपैकी २.८ टीबी फाइल दुसऱ्या डिस्कवर जशाच्या तशा निघाल्या. हेच प्रमाण पुढे टिकले, तर ३८ चे २८-२९ होतील. त्यामुळे सहाऐवजी पाचच डिस्क घेत आहे. वापरायला ४८ टीबी मिळतील, ८० टक्क्यांच्या हिशेबाने ३८, म्हणजे साधारण दोन वर्षांची सोय झाली. सहावी डिस्क तेव्हाच्या दराने घेईन.

स्नॅपरेडचा मोह झाला होता, विशेषतः विजेमुळे. पण ठरलेल्या वेळी आज्ञा चालवायची आठवण ठेवणारी माणसे आमच्या घरात असती, तर कपाटात ‘अर्धी’ लिहिलेली डिस्क नसती. शिवाय भावाला जागा कमी पडली की फोल्डर पुसायची सवय आहे. झेडएफएसचे रोजचे स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलची गोठवलेली स्थिती) महिनाभर ठेवले, तर त्याने पुसलेलेही परत आणता येते, हे वाचल्यावर माझा निर्णय झाला. त्याला हे सांगितलेले नाही.

टीव्हीखालच्या कपाटाची फळी काढली. रबराऐवजी आईच्या जुन्या योगाच्या चटईचे तुकडे घातले आहेत. यूपीएस आला आहे. मुख्य वीज बंद करून पाहिली, तर ठरवल्याप्रमाणे सातव्या मिनिटाला संगणक स्वतः बंद झाला.

जुन्या डिस्कपैकी ज्या चाचणीत पास होतील, त्यांवर सर्व्हरची दुसरी प्रत करून ती नेरूळला मावशीकडे ठेवायची आहे. ऐरोलीकरांनी निरांजनांचे सांगितल्यापासून मी घाबरले आहे, कारण मावशीचे घरही खाडीच्याच बाजूला आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या आणि दर सहा महिन्यांनी आणून फिरवल्या, तर चालेल का? की ही प्रत डोंबिवलीला काकांकडेच न्यावी?

आणि ‘शाळा २०१४’ची उरलेली अर्धी सापडली. ‘मुंज, इतर’ अशी पट्टी असलेल्या डिस्कवर होती.