पैसा मुंबईचा, माणूस मुंबईचा, मग आयआयएससी बेंगळुरूला का?

मिरजकर_बाबा:
नमस्कार मंडळी. लेकीला आयआयएससीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) चार वर्षांच्या बीएसला ॲडमिशन मिळालीय, घरात सगळे हवेत आहेत. आता तिला सोडायला जायचंय म्हणून जरा माहिती वाचत होतो, तर कळलं की ही संस्था जमशेटजी टाटांनी काढली. टाटा तर मुंबईचे, मग संस्था तिकडे का काढली? आणि ही इन्स्टिट्यूट म्हणायची की युनिव्हर्सिटी? कुणी शिकलेलं असेल तर नीट सांगा, लेकीला पण वाचायला देणारे.

जुना_बंगलोरी:
अभिनंदन दादा! मी तिथे पीएचडी केली, त्यामुळे जरा लांबण लागेल. पैसा खरंच मुंबईचाच होता. जमशेटजींनी मुंबईतल्या आपल्या १४ इमारती आणि ४ जमिनी यासाठी काढून ठेवल्या, तेव्हाच्या हिशोबाने ३० लाखांची मालमत्ता. म्हणजे मुंबईतल्या भाड्यावर बेंगळुरूत लॅब चालवायच्या असा प्रकार. १८९८ च्या शेवटी लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून मुंबईत उतरला आणि लगेच टाटांचे लोक संस्थेची योजना घेऊन त्याच्यापुढे हजर, पण त्याला शंका, की एवढं शिकायला पोरं येणार कुठून आणि शिकल्यावर नोकऱ्या कोण देणार. मग विल्यम रॅम्से या नामांकित केमिस्टला बोलावलं, त्याने देशभर फिरून बेंगळुरू सुचवलं. हवा चांगली हे झालंच, पण खरं कारण म्हैसूर संस्थान. त्यांनी ३७१ एकर जागा दिली, वर बांधकामाला पैसे आणि दरवर्षीचं अनुदान. मुंबईत एवढी मोकळी जागा कोण देणार होतं? वाईट एकच वाटतं, जमशेटजी १९०४ ला गेले आणि सरकारची परवानगी आली २७ मे १९०९ ला, पोरं आली १९११ ला. दोराबजी आणि रतनजी या मुलांनी वडिलांचा शब्द धरून ठेवला म्हणून हे झालं, नाहीतर फाइल तिथेच पडली असती. आणि हो, रिक्षावाल्याला 'टाटा इन्स्टिट्यूट' सांगा, जुने लोक तेच म्हणतात.

चंदनाची गोष्ट पण सांगतो. पहिल्या महायुद्धात म्हैसूरचं चंदन जर्मनीला जायचं बंद झालं, लाकूड पडून राहिलं, तेव्हा इथल्याच लॅबमध्ये सडबरो आणि वॉटसन या प्रोफेसरांनी तेल काढून दाखवलं. म्हैसूर सँडल साबण त्यातूनच पुढे आला. सुरुवातीला केमिस्ट्री आणि इलेक्ट्रिकलवरच भर होता, फिजिक्सचं डिपार्टमेंट १९३३ ला सी. व्ही. रमण डायरेक्टर म्हणून आले तेव्हा सुरू झालं.

वैशाली_ठाणे:
बाबा, लेकीला बायोकेमिस्ट कमला सोहोनींबद्दल नक्की सांगा. माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई युनिव्हर्सिटीत पहिल्या आल्या, वडील आणि काका दोघंही याच संस्थेत शिकलेले, तरी १९३३ ला रमण यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या, हटल्याच नाहीत. शेवटी घेतलं पण अटी घालून, पहिलं वर्ष प्रोबेशन, बाकीच्यांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही वगैरे. हे वाचताना आजही चीड येते. त्यांनी दूध आणि डाळींच्या प्रोटीनवर काम केलं, मग केंब्रिजला जाऊन १९३९ ला पीएचडी.

जुना_बंगलोरी:
ताई, अगदी बरोबर. मात्र त्यांचं काम बघून रमण यांनी पुढे मुलींना प्रवेश दिला, हेही सांगायला हवं.

वैशाली_ठाणे:
मान्य, पण ते दार कमलाताईंनी उघडलं. रमण यांच्या खात्यात नको जमा करायला.

सोलापूरचा_गणेश:
आमच्या सोलापूरच्या उद्योगपती वालचंद हिराचंदांचा पण हात लागलाय इथे. त्यांनी १९४० ला बेंगळुरूत विमानाचा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स), आणि त्यासाठी इंजिनिअर लागणार म्हणून १९४२ ला संस्थेत एरोनॉटिक्स सुरू झालं. पुढे त्याच डिपार्टमेंटचे सतीश धवन १९६२ ते ८१ डायरेक्टर होते, आणि १९७२ पासून इस्रोचं चेअरमनपद पण सांभाळायचे, तरी इन्स्टिट्यूट सोडली नाही.

मिरजकर_बाबा:
बाप रे, एवढं माहीत नव्हतं! सगळ्यांचे मनापासून आभार. युनिव्हर्सिटीचं तेवढं राहिलं.

जुना_बंगलोरी:
हो, ते राहिलंच. १९५८ पासून अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे डिग्री स्वतःची देतात, कुठल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीकडे जावं लागत नाही. बारावीनंतरचा बीएस मात्र २०११ पासूनच, त्याआधी सगळा भर पुढच्या शिक्षणावर आणि रिसर्चवर. तुमच्या लेकीला पहिल्या वर्षापासून अशा लोकांमध्ये वावरायला मिळेल, आमच्या वेळी ही सोय नव्हती. आणि मुंबईचं काय म्हणाल तर होमी भाभा युद्धकाळात इथेच होते, त्यांची टीआयएफआर (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) १९४५ ला सुरू झाली तीसुद्धा याच कॅम्पसवर, मग त्याच वर्षी मुंबईला हलवली.