यॉटच्या मागे दुसरी बोट ओढत बहामाजला न्यायची आहे, कुणी केलंय का?

लॉडरडेलकर:
नमस्कार मंडळी. आमची ६० फुटी मोटर यॉट आहे, मागच्या प्लॅटफॉर्मवर १२ फुटी छोटी रबरी बोट मावते पण मासेमारीला आणि पोरांना घेऊन फिरायला ती फारच लहान पडते, म्हणून २७ फुटी सेंटर कन्सोल (मधोमध सुकाणू असलेली उघडी मासेमारी बोट) घेतलीये, ती काही वर चढत नाही. आता मे महिन्यात फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून बहामाजमधल्या बिमिनी बेटावर जायचंय, ५० नॉटिकल मैलांच्या आसपास अंतर, आणि ही मागे दोर लावून न्यायचा विचार आहे. डॉकवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं काही नाही, बांधा आणि निघा, कुणी म्हणतं वेडेपणा करू नका. दोर कुठला, किती लांब, इंजिनं वर की खाली? बायको म्हणते तू ती बोट वेगळी चालवत ये, पण मग यॉटवर कोण?

बोटवाला_काका:
अरे दोराचं नंतर बघू, आधी लहान बोटीच्या नाळेवरची (पुढच्या टोकावरची) ती खालची कडी बघ. बहुतेक बोटींना येते ती ट्रेलरवर ओढून घेण्यापुरती असते, तासन्तास समुद्रात हिसके खायला नाही. आतून आधाराला जाड बॅकिंग प्लेट टाकून मोठी टो-आय (टो करायची, म्हणजे ओढायची कडी) बसवून घे, पाण्याच्या रेषेजवळ, म्हणजे ओढताना नाळ वर उचलली जाते. वरच्या डेकवरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधलंस तर नाळ खाली दाबली जाणार आणि बोट डावी-उजवीकडे भटकत बसणार. यॉटच्या बाजूला दोन्ही कोपऱ्यांच्या क्लीटवरून व्ही आकाराचा ब्रिडल (दोन फाट्यांचा दोर), एकाच क्लीटवर सगळा भार नको. जिथे दोर कडेला घासतो तिथे जुना फायर होज चढव, स्वस्त आणि मस्त.

लांबी म्हणशील तर उघड्या समुद्रात १५०-२०० फूट तरी सोड, आणि मग लाटा बघून कमी-जास्त कर. दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेवर चढल्या पाहिजेत आणि एकाच वेळी उतरल्या पाहिजेत. एक चढतेय आणि दुसरी उतरतेय असं झालं की दोर ढिला पडतो आणि मग फाडकन ताणला जातो, कडी उपटते ती अशीच. इंजिनं वर घे, गिअर न्यूट्रल, वजन मागे.

मांडवाकर:
काकांशी बाकी सगळं सहमत पण इंजिनं पूर्ण वर घेतली की बोट जास्त भटकते असा माझा अनुभव, थोडी खाली ठेवली की इंजिनाचा खालचा भाग पाण्यात राहतो आणि सरळ चालते. थोडं डिझेल जास्त जाईल, जाऊ दे. आपल्याकडे मच्छीमार बोटींच्या मागे होडी बांधून नेतात तिथे हा प्रश्नच येत नाही, वेगच तेवढा नसतो.

बोटवाला_काका:
बोटीबोटीवर आहे ते. किनाऱ्याजवळ दोन्ही करून बघा म्हणजे वाद मिटला.

जहाजी_रत्नागिरी:
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं म्हणून नियमाचं सांगतो. लोक गल्फ स्ट्रीम (फ्लोरिडा आणि बहामाजच्या मधून वाहणारा समुद्री प्रवाह) ओलांडायला पहाटे अंधारात निघतात, आणि अंधारात टो करताना कोलरेग्जचा (समुद्रात टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा) नियम २४ लागतो. यॉटवर एकाखाली एक असे दोन पांढरे मास्टहेड (डोलकाठीवरचे, पुढे दिसणारे) दिवे, दोन्ही बाजूंचे साइडलाइट, मागचा स्टर्नलाइट आणि स्टर्नलाइटच्या वर पिवळा टोइंग लाइट. मागच्या बोटीलाही साइडलाइट आणि स्टर्नलाइट. टोची लांबी २०० मीटरच्या वर गेली तर तिसरा पांढरा, तो तुम्हाला लागणार नाही. तिथे मोठ्या जहाजांची ये-जा असते, पिवळा दिवा नसेल तर कुणीतरी तुमच्या आणि तुमच्याच बोटीच्या मधून जायला बघेल. त्यापेक्षा उजाडल्यावर निघा.

आणि वारा उत्तरेचा असेल तर जाऊच नका. प्रवाह उत्तरेकडे ३ नॉटच्या (ताशी ३ नॉटिकल मैलांच्या) आसपास वाहत असतो आणि वारा समोरून आला की लाटा उंच, जवळजवळ आणि उभ्या होतात. यॉट झेलेल, मागची नाही.

लॉडरडेलकर:
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. दोर नायलॉनचा की डायनिमा (तो हलका, मजबूत कृत्रिम धाग्याचा)? आणि कुणी इन्शुरन्सचं विचारलंय का?

मांडवाकर:
नायलॉन ताणतो म्हणून हिसका गिळतो, पण बुडतो. डायनिमा तरंगतो पण अजिबात ताणत नाही. मी मुख्य दोर तरंगणारा आणि ब्रिडल नायलॉनचा लावतो. काहीही लावा, ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणाला उभं करू नका, आणि मागे एक धारदार सुरी हाताशी ठेवा.
इन्शुरन्सवाल्यांना लेखी विचारा, फोनवर नको. बऱ्याच पॉलिसीत मागे ओढत असलेली बोट धरलेलीच नसते.

बोटवाला_काका:
आणि खरी गडबड मधल्या समुद्रात होत नाही रे, दोन टोकांना होते. पोर्ट एव्हरग्लेड्समधून (फोर्ट लॉडरडेलच्या बंदरातून) निघताना क्रूझ जहाजं, पायलट बोटी, रविवारची गर्दी. तिथे मित्राला लहान बोट चालवत बाहेर आणू दे, बाहेर आल्यावर दोर लाव आणि त्याला यॉटवर घे, टो करताना तिच्यात कुणी बसायचं नाही. निघायच्या आधी ड्रेन प्लग (तळाचं बूच), ऑटोमॅटिक बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा), बॅटरी फुल आहे का हे स्वतः बघ. मागे कॅमेरा लावलास तरी एक माणूस मागे बघायलाच बसव.

बिमिनीला पोचताना तर अजून सांभाळून. शेकडो मीटर खोल निळं पाणी असतं आणि थोड्याच वेळात तळ दिसायला लागतो. वेग कमी केलास की दोर ढिला पडून खाली जातो, खडकात अडकतो नाहीतर तुझ्याच प्रोपेलरमध्ये. म्हणून हळूहळू वेग उतरव, दोघं जण दोर ओढून आत घेत राहू देत, आणि दोर पूर्ण डेकवर आल्याशिवाय रिव्हर्सला हात लावायचा नाही. मग लहान बोट सोडून कुणीतरी चालवत आत आणेल. दोन्ही बोटींचे कागद बरोबर ठेव, कस्टम्सवाले दोन्हींचं विचारतात.

लॉडरडेलकर:
म्हणजे बायकोला यॉटचं सुकाणू नीट शिकवावं लागणार एकूण. टो-आयचं उद्याच बघतो.