कोल्ड कॉफीची तरतरी उशिरा येते का? कॅफिन आणि पेयाचं तापमान

रातपाळी
पाळी रात्री १० ते सकाळी ६. पहाटे ३ नंतर डोळे जड होतात, म्हणून अडीचच्या सुमाराला गरम कॉफी: इन्स्टंट पावडर २ चमचे, दूध २०० मिली. उन्हाळ्यात तीच थंड करून घ्यायची आहे, पण थंड कॉफी उशिरा आणि कमी 'लागते' असं पाळीवर सगळेच सांगतात. थंड पेयातलं कॅफिन रक्तात हळू जातं का? उकळल्याने कॅफिन वाढतं का? आणि थर्मासमधला चहा पुन्हा पुन्हा गरम केला तर ते उडून जातं का? मापांसकट सांगितलंत तर बरं होईल.

मात्रा_मोजा
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. कॅफिन उडत नाही आणि मोडतही नाही. त्याचा वितळणबिंदू सुमारे २३५ अंश सेल्सिअस आहे आणि चहा १०० अंशांच्या वर जात नाही. दहा वेळा गरम केलात तरी चव बिघडेल, कॅफिन तेवढंच राहील.

आता रक्तात जाण्याचं. कॅफिन मुख्यतः लहान आतड्यातून शोषलं जातं, म्हणजे पेय आधी जठरातून पुढे सरकायला हवं. १९८८ मध्ये संत्र्याचा रस ४, ३७ आणि ५० अंशांना पाजून हेच मोजलं गेलं होतं. गार रस सुरुवातीला जरा हळू सरकला, पण साधारण अर्ध्या तासात पोटातलं तापमान शरीराइतकं झालं. फरक आहे, पण थोड्या मिनिटांचा.

थेट कॅफिनवरचं मोजमापही आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ निरोगी तरुणांना १६० मिलिग्रॅम कॅफिन दिलं. गरम कॉफी २० मिनिटांत सावकाश, थंड कॉफी एकदा २० मिनिटांत आणि एकदा फक्त २ मिनिटांत. गार एनर्जी ड्रिंकही होतं. रक्तातली कमाल पातळी आणि एकूण मात्रा सगळीकडे जवळपास सारखीच आली.

मग गरम कॉफी 'लगेच लागते' ती का? कॅफिन मेंदूतल्या अडेनोसिनच्या (झोप आणणाऱ्या रसायनाच्या) जागा अडवतं, आणि त्यासाठी रक्तात पुरेशी पातळी यायला बहुतेकांना अर्धा-पाऊण तास लागतो. पहिल्या पाच मिनिटांत जाणवते ती तरतरी मुख्यतः वाफेची, वासाची, हाताला लागणाऱ्या उबेची आणि साखरेची. ती खरीच असते, पण कॅफिनच्या खात्यावर मांडू नये.

चहापत्ती
वरचं बरोबर आहे, पण तापमान महत्त्वाचं ठरतं ते काढा करताना, आणि लोकांचा घोळ तिथेच होतो. २५ अंशांच्या पाण्यात १०० मिलीला सुमारे २ ग्रॅम कॅफिन विरघळतं, ८० अंशांना सुमारे १८ ग्रॅम. कपात ते ०.१ ग्रॅमच्या आसपासच असतं, म्हणून थंड पाण्यातही मावतं. प्रश्न मावण्याचा नसून पत्तीतून बाहेर यायला लागणाऱ्या वेळाचा आहे. बारीक दाण्याची सीटीसी पत्ती उकळत्या पाण्यात ४-५ मिनिटांत बहुतेक कॅफिन सोडते. गार पाण्यात तेवढ्याला काही तास लागतात. भरड दळलेल्या कॉफीचं कोल्ड ब्रू (पूड गार पाण्यात तासन्तास भिजवून काढलेली कॉफी) साध्या खोलीच्या तापमानाला ६-७ तासांत कॅफिनच्या बाबतीत थांबतं. पुढे रात्रभर ठेवलंत तर चव बदलेल, कॅफिन फारसं वाढणार नाही.

एक गोष्ट घरी डोळ्यांनी पाहता येते. कोरा कडक चहा गाळून काचेच्या ग्लासात फ्रिजमध्ये ठेवा. तासाभरात तो गढूळ होतो आणि तळाशी पिवळसर-तपकिरी साय बसते. ते कॅफिन आणि चहातल्या तुरट रंगद्रव्यांचं एकत्र आलेलं संयुग असतं. पुन्हा गरम करा, चहा परत पारदर्शक होतो. म्हणून आइस टी हलवून प्यावा, तळ फेकू नये.

आणि थर्मास भरताना पत्ती गाळून घ्या. पत्तीसकट पुन्हा उकळला की कॅफिन नाममात्र वाढतं, तुरटपणा मात्र खूप वाढतो.

रातपाळी
दोघांचे आभार. म्हणजे पावडर तेवढीच असेल तर परिणामही तोच यायला हवा. मग कोल्ड कॉफी खरंच कमी का लागते?

मात्रा_मोजा
कारण ती तेवढीच नसते. आधी भांडं बघा. पावडर थेट गार दुधात टाकली की गुठळ्या होतात. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या. त्या मिक्सरच्या पात्याखाली आणि ग्लासच्या तळाशी चिकटतात आणि धुण्यात जातात. त्यात बर्फ वितळून पेय पातळ होतं आणि शेवटचा पाव ग्लास तसाच राहतो. शिवाय गारव्यात कडूपणा आणि गोडी दोन्ही बोथट लागतात, म्हणून साखर वाढते. आइस्क्रीम घातलंत तर त्यातल्या स्निग्धांशाने जठर हळू रिकामं होतं. उशीर होतोच, पण तो स्निग्धांशाचा, गारव्याचा नव्हे.

असं करा. पावडर चमच्याने न मोजता काट्यावर ४ ग्रॅम घ्या. लेबल वाचा: शुद्ध इन्स्टंट कॉफीत किमान २.८ टक्के कॅफिन अपेक्षित असतं, म्हणजे ११० मिलिग्रॅमच्या आसपास. ३० टक्के चिकोरीचं (कॅफिन नसलेल्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं) मिश्रण असेल तर ८० च्या जवळ. ती ३० मिली कडक गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, फेसाच्या कडेला कोरडी पावडर राहायला नको. मग १५० मिली गार, साय काढलेलं दूध. बर्फ ३-४ तुकडेच. भांडं दोन चमचे दुधाने विसळून तेही ग्लासात ओता.

वेळ अडीचऐवजी सव्वादोन ठेवा. पंधरा-वीस मिनिटं डुलकीची परवानगी असेल तर थंड कॉफी उलट सोयीची पडते: पटकन पिऊन होते, लगेच डोळे मिटता येतात, आणि उठेपर्यंत कॅफिन चढू लागलेलं असतं. लफबरो विद्यापीठात १९९७ मध्ये झोपाळलेल्या वाहनचालकांवर १५० मिलिग्रॅम कॅफिन आणि छोटी डुलकी यांचा एकत्रित उपयोग दिसला होता.

चहापत्ती
एक काळजी घ्या. थंड पेय घटाघट जातं, त्यामुळे दुसरा ग्लास सहज होतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१५ च्या मतानुसार निरोगी प्रौढाला एका वेळी २०० आणि दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. गरोदरपणात दिवसाला २००. निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायला सरासरी ५ तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याच्या दुप्पट धरा. ८ वाजता झोपणार असाल तर ३ नंतर काहीच घेऊ नका, गरम नाही आणि थंडही नाही.

गरमच प्यायचं झालं तर जरा निवू द्या. ६५ अंशांपेक्षा गरम पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं, ते अन्ननलिका भाजल्यामुळे. कॅफिनचा त्यात दोष नाही. दूध घातलेला उकळता चहा बशीत ओतला की दोन-तीन मिनिटांत पिण्याजोगा होतो.