रक्तदाबाच्या गोळ्यांवर आज होणारा खर्च पुढे खरोखर वाचतो का?

देवगडवासी :
भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. आपल्याला हा विकार आहे याची कल्पनाही नसलेले अनेकजण त्यामुळे औषधावर आले. आता ग्रामसभेत काही मंडळी विचारतात की तपासण्या वाढल्या, गोळ्या वाढल्या, मग आरोग्यावरचा खर्च कमी कसा होत नाही? त्यांना प्रामाणिकपणे काय उत्तर द्यावे?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कणकवली :
सुरुवातीला खर्च वाढणारच, असे त्यांना स्पष्ट सांगावे. न सापडलेले रुग्ण सापडले की औषधांची मागणी लगेच वाढते. टळलेला अर्धांगवायू किंवा निकामी न झालेले मूत्रपिंड मात्र त्या वर्षाच्या कोणत्याच हिशेबात दिसत नाही. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ही औषधे पेटंटमुक्त आहेत आणि शासनाने घाऊक घेतली तर फार स्वस्त पडतात. याउलट डायलिसिस सुरू झाले की बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि प्रत्यारोपण न झाल्यास जन्मभर करावे लागते. अडचण अशी की गोळ्यांचा खर्च आरोग्य विभागाच्या खात्यावर पडतो आणि बचत मात्र विमा योजनेची व रुग्णाच्या कुटुंबाची होते, त्यामुळे ती बचत मोजायची जबाबदारी कोणीच घेत नाही.

तरीही प्रत्येक प्रतिबंधक उपायाने पैसे वाचतात असे वचन कोणाला देऊ नये. अर्धांगवायू टळलेला माणूस पुढे वीस वर्षे जगतो आणि त्या काळात त्याला दुसरा आजारही होऊ शकतो. तो खर्च म्हणजे उपक्रमाचे अपयश नव्हे. तेवढ्या पैशांत किती निरोगी वर्षे मिळाली, हे पाहायला हवे.

सावंतवाडीची सून :
डॉक्टरसाहेबांच्या हिशेबात मला एक भर घालावीशी वाटते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु घरी सोडल्यानंतर साधारण १० दिवसांचीच औषधे त्यात मिळतात. माझ्या सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेचे बिल योजनेतून भागले. त्यानंतरच्या गोळ्या, गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाच्या फेऱ्या, गाडीभाडे आणि सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोजगार यांनी आम्हाला खरे कर्जात लोटले. मासेमारीच्या हंगामात खलाशाने नौका सोडली की त्याचा वाटाही जातो. म्हणून डायलिसिसची सोय तालुक्याच्या गावी झाली तर सरकारचा खर्च कदाचित तेवढाच राहील, पण घरचा निम्मा भार उतरेल. सुधारणेचा विचार करताना हा खर्च गृहीतच धरला जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

रत्नागिरीकर :
दरनियंत्रणाचा परिणाम याहून वेगळा असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातील स्टेंटच्या, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या, कमाल किमती ठरल्या. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपये. दिलासा ताबडतोब मिळाला, परंतु बंधन स्टेंटवर होते. अँजिओप्लास्टीच्या इतर शुल्कांवर नव्हते. शिवाय किंमत उतरल्याने रुग्णांची संख्या घटत नाही. ती घटवण्याचे काम कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलेली स्वस्त गोळीच करू शकते, फक्त त्यासाठी दहा वर्षे धीर धरावा लागतो.

देवगडवासी :
मग ग्रामसभेत नेमके काय मागावे?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कणकवली :
एकूण खर्चाचा आकडा मागू नका. नोंदणी झालेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब मागच्या तपासणीत १४०/९० च्या खाली होता, किती जण गोळ्या न्यायला आलेच नाहीत आणि उपकेंद्रात एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या मिळतात का, हे दर तिमाहीला विचारा. मुंबईला मुलाकडे जाणाऱ्या वृद्धांना जास्त दिवसांच्या गोळ्या देण्याची मागणीही नोंदवा, कारण त्यांचे औषध तिथेच तुटते.