सोसायटीचा महाप्रसाद आपणच रांधायचा, तर २०० पानांचं गणित कसं मांडायचं?

स्टिल्ट_पार्किंग:
६० फ्लॅट, गणपतीत साधारण २०० पानं. आतापर्यंत केटरर असायचा. लोक बुफेतून ताट भरायचे आणि लिफ्टने वर जायचे. यंदा सभासदांनीच रांधायचं ठरलंय. बेत: मसालेभात, मटकीची उसळ, पुरी, शिरा, मठ्ठा. सामान किती धरावं? कुठे फसतं?

ओगराळं:
पुरी आधी बेतातून काढा. पानाला चार धरल्या तर ८०० होतात. किलोभर कणकेच्या ५५-६० निघतात, म्हणजे १४ किलो कणीक आणि कढईपाशी अडकलेली चार माणसं. आधी तळून ठेवल्या तर वातड.

मग भातच मुख्य. पानाला १०० ग्रॅम, म्हणजे २० किलो तांदूळ. जुना कोलम घ्या, आंबेमोहोराचा मोठ्या पातेल्यात गिचका होतो. भाज्या ८ किलो, तोंडली जास्त. एकाच भांड्यात २० किलो टाकू नका, खालचा करपतो नि वरचा कच्चा राहतो. दहा-दहाचे दोन घाणे, पातेलं ५० लिटरचं.

घरी आपण दुप्पट पाणी घालतो. एवढ्या मोठ्या भांड्यात त्या मानाने वाफ कमी उडते. धुऊन निथळलेल्या १० किलोला १८ लिटर आधण पुरतं, २ लिटर उकळतं बाजूला ठेवा. मीठ आधी २०० ग्रॅम, चव बघून आणखी ५० पर्यंत. तिखट आणि गोडा मसाला घरच्या मापाच्या पटीत वाढवू नका, दोन तृतीयांशावर थांबा. पाणी तांदळाच्या बरोबरीला आलं की आच मंद, पातेल्याखाली जाड तवा, झाकणावर वजन, वीस मिनिटं. मध्ये ढवळलं की शितं मोडतात. करपल्याचा वास आलाच तर तळ खरवडू नका, वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

शिऱ्याला ५ किलो रवा, तेवढीच साखर, साडेतीन किलो तूप, दूध-पाणी मिळून १४ लिटर. रवा पूर्ण फुलल्यावरच साखर. आधी पडली की रवा कचकचीत राहतो, मग कितीही वाफा काढा.

चिंचगूळ:
मटकी कोरडी ६ किलो. रात्रभर भिजवून बांधायची, पण एका गाठोड्यात नाही. मोड येताना मटकी आतून तापते, मधली बुळबुळीत होऊन वास मारते. दोन-दोन किलोची तीन गाठोडी करा. पावसाळी हवेत दिवसभरात मोड येतात. कोकम मटकी शिजल्यावर, नाहीतर दाणा टणक राहतो.

मठ्ठा ४० लिटर, दही १३ किलो. भाड्याने आणलेलं पितळी पातेलं कल्हई बघूनच घ्या, कल्हई उडालेल्यात मठ्ठा कळकतो. सरळ स्टील वापरा.

गॅस १९ किलोचाच, व्यावसायिक. घरगुती सिलिंडर या कामाला चालत नाही. शिवाय मोठी भट्टी एवढ्या झपाट्याने गॅस ओढते की छोट्या सिलिंडरवर बर्फ धरतो आणि ज्योत पडते. भट्टी उघड्यावर लावा, गाड्यांमध्ये नको.

स्टिल्ट_पार्किंग:
पुरी रद्द! आणि लोक खाली थांबावेत म्हणून काय करावं?

वाढपी_क्र_१:
बुफे बंद, पंगत. पन्नासाच्या चार, प्रत्येकी ४० मिनिटं धरा. पन्नास पानांना नऊ वाढपी: मीठ-लिंबू एक, खोबरं-कोथिंबीर एक, उसळ दोन, भात दोन, शिरा एक, मठ्ठा एक, पाणी एक. भाताचा दुसरा घाणा पहिली पंगत बसताना चढवा, तिसऱ्या पंगतीलाही गरम मिळेल.

विंगवार पदार्थ वाटून देऊ नका. ‘ए विंगचा शिरा, बी विंगचा भात’ अशी चुरस लागते आणि जो तो आपल्यातच बसतो. प्रत्येक कामावर प्रत्येक विंगचा एकेक माणूस हवा. खऱ्या ओळखी आदल्या संध्याकाळी विळीपाशी होतात. तोंडली चिरणं, कोथिंबीर निवडणं, नारळ खवणणं ही बसून करायची कामं आजी-आजोबांनाही जमतात. खवलेलं खोबरं मात्र फ्रीजमध्येच. वांगी सकाळी चिरा, रात्री चिरली तर काळी पडतात.

उरलेला भात परातींत पसरून निववा आणि दोन तासांच्या आत वाटून टाका. पातेल्यात झाकून संध्याकाळपर्यंत ठेवला की बाधतो. आणि पहिली पंगत बसायच्या आधी वीस पानांचं वाढप्यांसाठी बाजूला काढा, शिऱ्यासकट. शेवटच्या पंगतीला शिरा कधीच उरत नाही.