बोर्ड गेला! मदरबोर्ड, वॉरंटी आणि तुमचे अनुभव

शहापूरचा पत्रिकावाला

बेळगावात ‘बोर्ड’ म्हटलं की आधी दुकानावरचा बोर्ड डोळ्यासमोर येतो. कुठली भाषा वर, कुठली खाली, अक्षरं किती मोठी. माझं दुखणं त्या बोर्डाचं नाही, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या आतल्या, सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डाचं आहे. चौदा महिन्यांत तीन मदरबोर्ड झाले आणि तिसराही आजारी आहे.

माझं शहापुरात लग्नपत्रिकांचं छोटं काम आहे. मराठी, कन्नड, बहुतेक वेळा दोन्ही. कॉम्प्युटरचं मशीन नवीन घेतलं, बिल पक्कं, बोर्डावर तीन वर्षांची वॉरंटी. पहिला बोर्ड ऐन लग्नसराईत गेला. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. रॅम काढून खोडरबरानं पुसली, परत बसवली, देवाचं नाव घेतलं, काही नाही. सर्व्हिस सेंटरला दिला तर तेवीस दिवस रोज एकच उत्तर. “अण्णा, बोर्ड इन्नू बंदिल्ल. सोमवारी फोन माड्री.” म्हणजे बोर्ड अजून आला नाही, फोन करा. कुठला सोमवार ते काही सांगत नव्हते.

दुसरा बोर्ड आला. चार महिन्यांनी मागचे दोन यूएसबी मेले, मग प्रिंटर दिसेना, मग बोर्डच दिसेनासा झाला. तिसरा आला तेव्हा मी पाकीट स्वतः उघडलं. चंदेरी पिशवीवर एका स्टिकरखाली दुसरं स्टिकर. स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या कोपऱ्यात, प्रोसेसर थंड राहावा म्हणून लावतात त्या थर्मल पेस्टचा वाळलेला करडा ठिपका, नखानं उकरला तर पापुद्रा निघाला. म्हणजे हा कुणाच्या तरी मशीनमध्ये नांदून माघारी आलेला. यात रॅमचा एकच स्लॉट चालतो. “चालतोय की, मग?” असं काउंटरवरच्या पोरानं मला विचारलं.

वर वॉरंटी मोजायची ती पहिल्या बिलाच्या तारखेपासूनच. बोर्ड त्यांच्याकडे पडून होता ते दिवससुद्धा माझ्याच खात्यातून गेले. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक मशीनला बांधलेलं, त्यामुळे प्रत्येक बोर्डामागे त्याचीही नवी विनवणी. तेवढ्या काळात नऊ पत्रिका कोल्हापूरला गेल्या. त्यातली एक माझ्या मावसभावाच्या मुलीची.

तुमचं काय झालं ते लिहा की. दुकानाचं, कंपनीचं नाव नको. काय बिघडलं, काय उत्तर मिळालं, शेवटी काय केलंत, एवढं पुरे.

जुना लेथवाला, उद्यमबाग

तुम्ही नव्या बोर्डाचं सांगताय, मी जुन्याचं सांगतो. आमच्या शेडमध्ये एक सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं कातकामाचं यंत्र आहे, तिला प्रोग्रॅम पाठवायला कॉम्प्युटर लागतो आणि त्याला मागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट लागतो. 2005 साली घेतलेलं कॉम्प्युटरचं मशीन. एक दिवस चालू होईना. दोन-तीनदा बटण दाबलं की कधी तरी व्हायचं, गरम झाल्यावर बरं चालायचं. थंडीत कुरकुर, उन्हाळ्यात ठीक. आमच्या फोरमनसारखं.

उघडून पाहिलं तर प्रोसेसरशेजारच्या सात कपॅसिटरांची, म्हणजे वीज साठवणाऱ्या बारक्या डब्यांची, डोकी टम्म फुगलेली. एकाच्या टोपीतून तपकिरी चिकट पाझर. नंतर कळलं की हा रोग आमच्या एकट्याचा नव्हता. साधारण 1999 ते 2007 या काळात जगभर असे बोर्ड गेले, कारण कपॅसिटरमध्ये भरलेलं इलेक्ट्रोलाइटच सदोष होतं. आत गॅस धरायचा आणि डोकं फुगायचं. तोवर वॉरंटी कधीच संपलेली.

नवा बोर्ड घेऊ म्हटलं तर मागे सीरियल पोर्टच नाही. एका टीव्ही दुरुस्तीवाल्यानं सातही कपॅसिटर बदलून दिले. 6.3 व्होल्ट, 1500 मायक्रोफॅरॅड. मी त्याला म्हटलं, 10 व्होल्टचे टाक. टाकले. त्याला आता बरीच वर्षं झाली, मशीन रोज चालतंय. पैसे किती घेतले ते लिहीत नाही, उगाच त्याच्याकडे रांग लागायची.

हिंदवाडी

आमच्याकडे नातू फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाला, “बोर्ड गेला, आज्जी.” तो दहावीला. मी देवापुढे बसले. दोन तासांनी कळलं की कॉम्प्युटरचा.

बदलून मिळाला, आठ दिवसांत. तक्रार नाही.

काउंटरपलीकडचा

मी दुकानदार. गेली अनेक वर्षं बेळगावात हाच धंदा. सगळे आम्हाला शिव्या घालतात म्हणून लिहितोय.

बोर्ड आम्ही बनवत नाही आणि बदलायचा अधिकारही आमच्या हातात नाही. इथून पार्सल हुबळी नाहीतर बेंगळूरला जातं, तिथं तपासणी, तिथून मंजुरी, मग बदली बोर्ड असेल तर येतो. तेच मॉडेल संपलेलं असेल तर ‘समतुल्य’ म्हणून दुसरंच येतं. बहुतेक वॉरंटीच्या कागदावर ‘नवा किंवा दुरुस्त केलेला’ असं बारीक अक्षरात असतंच. ते विकताना आम्ही वाचून दाखवत नाही, ही चूक आमची, मान्य.

पण गिऱ्हाईक काय करतं तेही ऐका. पूर्वी पिना प्रोसेसरला असायच्या. 2004 मध्ये इंटेलनं त्या बोर्डावरच्या सॉकेटमध्ये नेल्या, 2022 मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीनं, एएमडीनंही, साध्या डेस्कटॉपसाठी तेच केलं. केसासारख्या बारीक, हजारावर पिना. एक जरी वाकली तरी कंपनी म्हणते ‘फिजिकल डॅमेज’, वॉरंटी संपली. लोक बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर लावून आणतात! सॉकेटवर येणारं ते काळं प्लास्टिकचं झाकण बसवायच्या दिवशीच कचऱ्यात गेलेलं असतं. पार्सल परत पाठवताना तेच झाकण कंपनी मागते. ते नसेल तर वाटेत पिना वाकल्या की आधी वाकल्या हे कुणी सिद्ध करायचं?

म्हणून सांगतो, खोका आणि ते झाकण माळ्यावर टाका, फेकू नका. काउंटरवर बोर्ड देताना सॉकेटचा जवळून फोटो काढा, सीरियल नंबरचाही काढा, आणि जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीला दिल्याच्या पावतीवर, ‘पिना ठीक’ असं लिहून घ्या. मी स्वतः भिंगानं बघतो आणि गिऱ्हाइकालाही बघायला लावतो. तरी वर्षात एखादं भांडण होतंच.

खानापूरची मास्तरीण

जांबोटीच्या बाजूला राहते. आमच्याकडे पाऊस सांगून येत नाही आणि आला की जात नाही. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग कॉम्प्युटरला काय सोडतोय?

आमचा बोर्ड मात्र पावसात गेला नाही, वळवात गेला. मे महिना, दुपारी चार, आभाळ भरून आलेलं. मी शहाण्यासारखा प्लग काढला. इंटरनेटची तांब्याची केबल तशीच राहिली. लांब कुठं तरी वीज पडली आणि राउटरमधून ‘टक्’ असा आवाज आला. ती केबल जिथं खोचतात त्या लॅन पोर्टजवळची चिप काळी पडली, मध्ये सुईनं टोचावं तसं भोक. सर्व्हिसवाल्यानं एका नजरेत सांगितलं, “जळल्याची खूण आहे, वॉरंटीत बसत नाही.” शिवाय मागच्या पट्टीवरचा गंज दाखवून आणखी एक कारण लिहिलं.

मी वाद घातला नाही. बाकी सगळं चालत होतं. तीनशे रुपयांचा वायफायचा खडा लावला आणि त्या पोर्टावर चिकटपट्टी मारली. चार वर्षं शाळेचे सगळे निकाल त्याच मशीनवर झाले. आता ढग दिसला की आधी केबल, मग प्लग. आमचे सासरे म्हणतात, वाळवण उचलायच्या आधी ही कॉम्प्युटर उचलते.

निपाणीकर

आम्हाला बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर आणि कोल्हापूर चाळीस. त्यामुळे खरेदी कोल्हापूरला. बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर 27 ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा. बोर्ड गेल्यावर बेळगावच्या केंद्रात नेला तर म्हणाले, बिल बाहेरच्या राज्याचं, तिकडेच जा. कोल्हापूरचा दुकानदार म्हणाला, कंपनीचं केंद्र तुमच्या जिल्ह्यातच आहे की, तिकडे द्या. सीमाप्रश्न आमच्या बोर्डापर्यंत आला तो असा. तीन फेऱ्या, दोन राज्यं, एक मेलेला बोर्ड.

वॉरंटीचा कागद नीट वाचला. ‘भारतात कुठेही’ असं स्पष्ट लिहिलेलं. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी ती कंपनीकडे पाठवली. दहा दिवस शांतता. दरम्यान आमच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो 2020 च्या जुलैपासून लागू आहे, माणूस जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे वस्तू कोल्हापूरला घेतली तरी मी बेळगावला दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं.

एवढं सगळं एका पानाच्या पत्रात घातलं, जॉबशीटच्या प्रती जोडल्या आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. आयोगापर्यंत जायची वेळच आली नाही. बाराव्या दिवशी फोन आला, ‘सर’ वगैरे म्हणत. सीलबंद खोक्यातला बोर्ड मिळाला. पत्र लिहायला मला दीड तास लागला होता, त्याआधीच्या फेऱ्यांत तीन महिने गेले होते.

पत्रिकावाले, तुम्हाला तोंडी ‘इन्नू बंदिल्ल’ मिळतंय तोवर तुमच्याकडे पुरावा काहीच नाही. प्रत्येक वेळी जॉबशीट घ्या, तारखेसकट.

सोल्डरवाला

एक जुनी आठवण, थोडक्यात. 2011 च्या जानेवारीच्या शेवटी इंटेलनं स्वतःच जाहीर केलं की बोर्डावरच्या त्यांच्या नव्या चिपसेटमध्ये दोष आहे. हार्डडिस्क जोडायच्या सहा पोर्टांपैकी चार काळाच्या ओघात मंदावू शकतात. सगळा खर्च मिळून सत्तर कोटी डॉलर धरला होता. मी तेव्हा तोच बोर्ड घेण्याच्या बेतात होतो, पैसे हातात, पण बहिणीचं बाळंतपण निघालं म्हणून थांबलो. दोन महिन्यांनी सुधारित चिपचा मिळाला. भाच्याला अजून सांगतो, तू माझा बोर्ड वाचवलास.

वायरमन, अनगोळ

पत्रिकावाले, मी कॉम्प्युटरवाला नाही, पण तुमचं वाचून एक विचारतो. तीन बोर्ड, त्यातल्या एकाचे आधी यूएसबी गेलेले. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात काय? अनवाणी पायानं, मनगटाची मागची बाजू लावून बघा.

येत असतील तर तुमच्या भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले दोन बारके कपॅसिटर असतात. अर्थ असेल तर गळका करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, शंभरच्या वर, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, माणूस मरत नाही. पण प्रिंटर दुसऱ्या, अर्थ असलेल्या सॉकेटवर असेल आणि तुम्ही चालू मशीनमध्ये केबल खोचली, तर सगळा फरक त्या पोर्टातून वाट काढतो. रोज थोडं थोडं. बोर्ड बदलून काय उपयोग?

आणखी एक. बोर्ड बदलताना त्याखालचे पितळी खुंट मोजा. नव्या बोर्डाला भोक नसेल तिथं जुना खुंट तसाच राहिला तर तो मागून टेकतो आणि शॉर्ट करतो. हे मी आमच्या जावयाच्या मशीनमध्ये डोळ्यांनी पाहिलंय.

शहापूरचा पत्रिकावाला

झिणझिण्या येतात. दोन वर्षं येतायत. मला वाटायचं कॉम्प्युटर म्हटल्यावर येणारच.

काल अनगोळचे मामा स्वतः आले, पैसे घ्यायला तयार नाहीत. कॉम्प्युटरच्या सॉकेटवर मल्टिमीटर धरला. फेज-न्यूट्रल 228. फेज-अर्थ काही तरी हलता आकडा, स्थिर होईना. स्विचबोर्ड उघडला तर हिरवी तार आत आहे, पण टोक नुसतं टेपमध्ये गुंडाळून मागे सारलेलं. दुकानाला रंग दिला तेव्हा बोर्ड सरकवला होता, त्यात ती सुटली असणार. प्रिंटरच्या सॉकेटला मात्र अर्थ चोख. तार जोडली, परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं. पत्र्याला हात लावला, काही नाही.

म्हणून मी सर्व्हिसवाल्यांना माफ केलं असं समजू नका. एक बोर्ड माझ्या तारेनं खाल्ला असेल, फार तर दोन. पण तेवीस दिवस आणि तो करडा ठिपका माझ्या तारेचा नव्हे, आणि एकाच स्लॉटचा बोर्ड तर तसाच आला होता. निपाणीकरांनी सांगितल्यासारखं पत्र लिहून टाकलंय, कन्नड प्रत शेजारच्या झेरॉक्सवाल्या अक्कांकडून तपासून घेतली. आज काउंटरवर गेलो, सॉकेटचे चार फोटो काढले, ‘पिना ठीक’ लिहून मागितलं. पोरानं माझ्याकडे बघितलं, मग आत जाऊन मोठ्या साहेबांना बोलावून आणलं.

काळं झाकण सापडलं. नातीच्या भातुकलीत होतं, ताट म्हणून.