सिस्टर मिडनाइट बघितला का कोणी? बकऱ्यांचं काय ते सांगा प्लीज

रातराणी:
काल रात्री जेवणं आटपून मी नि नवरा राधिका आपटेचा सिस्टर मिडनाइट बघत बसलो. पहिला तासभर हसून हसून पोट दुखलं आणि मधेच घशात आवंढा पण आला. उमा नि गोपाळ, नवीन लग्न, मुंबईत रस्त्यालगत एकच खोली आणि दोघांना एकमेकांशी बोलायचं काय तेच कळत नाही, तिला स्वैपाक येत नाही, तो पिऊन उशिरा येतो. इथपर्यंत सगळं पटलं. पण मग ती बकरीला चावते काय, मेलेल्या बकऱ्या उठून तिच्या मागे लागतात काय, हे नक्की काय होतं?

गिरणगावची सून:
मला तर बकऱ्याच पटल्या बाई. लग्न झालं तेव्हा लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जणं, पहिले सहा महिने आम्हा दोघांचं बोलणं म्हणजे "चहा ठेवू?" आणि "किल्ली कुठाय?" एवढंच. मनातलं बोलायला जागाच नसली की ते असंच काहीतरी होऊन बाहेर येतं. ती रात्री बादली नि मॉप घेऊन एकटी साफसफाईच्या कामाला निघते ना, तिथे मी रडले. शेजारची शीतल, छाया कदम, तिला स्वैपाक शिकवते तेवढाच काय तो आधार.

पडदा_पागल:
बकऱ्या मुद्दाम खोट्या वाटाव्यात अशाच केल्यात, स्टॉप मोशन आहे ते, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फोटो काढायचा. करण कंधारीची ही पहिलीच फीचर फिल्म, २०२४ ला कान फिल्म फेस्टिव्हलच्या वेळी डायरेक्टर्स फोर्टनाइट या विभागात होती. संवाद कमी, निम्मा विनोद नुसत्या चेहऱ्यावर आणि एडिटिंगमधे. पण उत्तरार्ध ताणलाय हे माझं मत, आणि गोपाळला अजून जागा द्यायला हवी होती. अशोक पाठक, पंचायतमधला बिनोद, किती गुणी नट आहे, तो गोपाळ वाईट नाहीये हो, घाबरलेला आहे.

रातराणी:
घाबरलेला, अगदी बरोबर शब्द. काल ह्याने मधेच पॉज केलं आणि विचारलं, मी पण असाच येतो का गं घरी, गप्प गप्प? मी हो म्हटलं. मग दोन वाजेपर्यंत बोलत बसलो, शेवटची वीस मिनिटं अजून बघायची राहिलीत.